पॉइंट टू-टू: एका मापाचा इतिहास आणि सेनगावचा प्रश्न

१.
भारताचा शस्त्र कायदा १९५९ साली संसदेने संमत केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एका रायफलीचा तिच्या मापासकट उल्लेख आहे. ती रायफल म्हणजे पॉइंट टू-टू, अर्थात .२२ इंच व्यासाच्या नळीची. निशाणेबाजीसाठी आणि छोट्या शिकारीसाठी रिमफायर रायफलीचे कोणते माप निवडावे, यावर शस्त्रांची आवड असलेले तरुण तासन्‌तास वाद घालतात. या धाग्याचे म्हणणे असे की हा एक प्रश्न नसून दोन आहेत. पहिल्याचे उत्तर इतिहासाने केव्हाच दिलेले आहे. दुसरा प्रश्न या भूमीत १९९१ साली निकालात निघाला आहे.

२.
उदाहरणादाखल सेनगाव घ्यावे. हिंगोली जिल्ह्यातला हा तालुका वाशिम जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, हळद ही इथली पिके. शिवारात ससा, तितर, लावा दिसतात. रोही आणि रानडुकरे उभ्या पिकात शिरतात. निशाणेबाजीची हौस, शिकारीच्या जुन्या गोष्टी आणि पीक राखण्याची निकड या तिन्ही गोष्टी अशा तालुक्यात एकाच ओट्यावर बोलल्या जातात. त्यामुळे तिन्हींसाठी एकच बंदूक असावी, असे सहज वाटते. इतिहास मात्र या तिन्ही वाटा वेगळ्या असल्याचे सांगतो.

३.
आधी रिमफायर म्हणजे काय ते पाहू. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. रिमफायर काडतुसात पेट घेणारे रसायन या कडेच्या पोकळीत भरलेले असते आणि रायफलीची पिन कडेवर आपटते. युद्धात वापरल्या जाणाऱ्या रायफलीत हे रसायन बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत असते. त्याला सेंटरफायर म्हणतात. कडा दबावी म्हणून रिमफायरचे कवच पातळ ठेवावे लागते, आणि पातळ कवच फार मोठा दाब पेलू शकत नाही. म्हणून ही काडतुसे लहान, स्वस्त आणि कमी धक्क्याची राहिली. एकदा उडालेले कवच पुन्हा भरताही येत नाही.

४.
या घराण्याचा मूळपुरुष फ्रान्समधला. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या कारागिराने दिवाणखान्यात नेम धरण्यासाठी इवलेसे काडतूस बनवले. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट आणले. त्यानंतर १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल बाजारात आणले. आज नुसते पॉइंट टू-टू म्हटले की बहुधा हेच काडतूस अभिप्रेत असते. म्हणजे या घराण्याचा जन्मच नेमबाजीच्या हौसेतून झाला. शिकार हा त्याचा नंतरचा उद्योग.

५.
पुढे प्रतिस्पर्धी आले. १९५९ साली विंचेस्टरने .२२ मॅग्नम आणले. त्याची गोळी साधारण तेवढ्याच वजनाची, पण वेग जवळपास पावणेदोन पट. २००२ साली हॉर्नाडीने .१७ एचएमआर आणले. त्याची गोळी जेमतेम १.१ ग्रॅमची, पण ती सेकंदाला ७५० मीटरांहून अधिक वेगाने जाते आणि शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत उडते. या दोन्ही काडतुसांची रचना शेतातल्या लहान प्राण्यांवर जरा लांबून गोळी झाडता यावी या हेतूने झाली. योगायोग असा की मॅग्नम अमेरिकेत अवतरले त्याच वर्षी भारतीय संसदेने पॉइंट टू-टूची जागा कायद्यात नेमून दिली होती.

६.
मग निशाण्यासाठी वेगवान काडतूस अधिक चांगले नव्हे काय? नाही, आणि कारण भौतिकशास्त्रातले आहे. स्पर्धेसाठीच्या .२२ लाँग रायफलची गोळी २.६ ग्रॅमची असते आणि ती मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने सोडली जाते. ध्वनीहून वेगाने निघालेली गोळी वाटेत त्या वेगाच्या खाली घसरू लागली की हवेतल्या खळबळीने डगमगते. सुरुवातीपासूनच संथ असलेल्या गोळीला हा उंबरठा ओलांडावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५० मीटर रायफल प्रकारासाठी हेच ५.६ मिलिमीटरचे काडतूस ठरलेले आहे. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर, म्हणजे काबुली हरभऱ्याच्या दाण्याएवढा. ५० मीटरांवरून तो टिपताना अचूकतेपुढे वेगाची मातब्बरी उरत नाही.

७.
हे माप जगभर पसरले त्यामागे एका साम्राज्याची नामुष्कीही आहे. १८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश फौजेला जेरीस आणले. आपल्या सामान्य नागरिकाला नेम धरता येत नाही, ही जाणीव इंग्लंडला बोचली. १९०१ मध्ये तिथे लहान मापाच्या रायफलींच्या क्लबांची संघटना उभी राहिली. तिचे मोठे पुरस्कर्ते होते लॉर्ड रॉबर्ट्स, म्हणजे पूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले गृहस्थ. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत किंवा गावच्या सभागृहात मजुरालाही परवडेल असा सराव पॉइंट टू-टूनेच शक्य होता. याच काडतुसाला निशाण्याचे पहिले काडतूस ही ओळख तेव्हा मिळाली.

८.
लष्करानेही तोच मार्ग धरला. ली-एन्फिल्ड रायफलीच्या धाटणीतच .२२ ची नळी बसवून सरावाच्या रायफली तयार झाल्या. हाताला वजन आणि घडण युद्धातल्या रायफलीची, पण धक्का आणि खर्च खेळण्यातल्यासारखा. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना स्थापन झाली आणि ही परंपरा महाविद्यालयांत आली. परेड करून घामेजलेला छात्र पोटावर पडून आयुष्यातली पहिली गोळी झाडतो ती पॉइंट टू-टूची. मराठवाड्यातल्या शेतकरी घरांतील कित्येक मुलामुलींचा रायफलीशी आलेला एकमेव संबंध हाच आहे.

९.
एक नाव इथे विसरता कामा नये. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद आणि सार्वजनिक जीवन गांधीजींच्या चळवळीत घडलेले. अहिंसेच्या परंपरेतल्या माणसाने रायफल संघटना उभारावी, हे अनेकांना विसंगत वाटते. तसे ते नाही. वसाहतीच्या काळात १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजेला निःशस्त्र केले, ही राष्ट्रीय चळवळीची जुनी तक्रार होती. नागरिकाच्या हाती शिस्तीत रायफल देणे हे त्या तक्रारीचे संयत उत्तर होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही मावळंकरांच्या नावाने भरते.

१०.
आता १९५९ च्या त्या कलमाकडे वळू. परवाना मागणाऱ्याला अपात्र ठरवणारे कारण नसेल तर अधिकाऱ्याने कोणत्या बंदुकांना परवाना द्यावाच, हे ते सांगते. स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची, म्हणजे छऱ्याची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाण्याच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल. बाकी सर्व बंदुकांसाठी अर्जदाराने सबळ कारण पटवून द्यायचे असते.

११.
हे वाक्य बारकाईने वाचण्यासारखे आहे. कायद्याने तीन गरजा मानल्या आणि तिन्हींना तीन वेगवेगळी शस्त्रे दिली. पॉइंट टू-टूच्या वाट्याला निशाणा आला. पीक राखण्याचे काम तिला सांगितले नाही आणि शिकारीचा तर शब्दही तिच्यासोबत नाही. ‘एकच रायफल, दोन कामे’ ही कल्पना अमेरिकी शेतावरच्या जीवनातून आलेली आहे. तिथे ती स्वाभाविक असेल. इथल्या विधिमंडळी परंपरेने रिमफायरला शाळेतली पाटी मानले आणि पाटीचे काम विळ्याला किंवा विळ्याचे पाटीला सांगितले नाही.

१२.
सेनगावच्या परिसराला या एकसंध कायद्याचे मोल अधिक कळावे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तर सीमेपलीकडचे वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली. काही कोसांवर राज्य बदले आणि राज्याबरोबर कायदाही. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती, म्हणजे शस्त्र हे प्रथम छावणीचे होते. १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६२ नंतर रिसोडच्या व सेनगावच्या शेतकऱ्याला एकच शस्त्र कायदा लागू झाला. शस्त्र कोणाच्या हाती असावे याचे उत्तर इथे पिढीच्या आत बदलत गेले.

१३.
आता दुसरा प्रश्न, छोट्या शिकारीचा. ही बोलीभाषेतली सैल कल्पना नव्हे. भारतीय कायद्यात ती एक रीतसर वर्गवारी होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपात विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार अशा तीन अनुसूची होत्या. ससे, तितर, लावे लहान शिकारीच्या यादीत होते आणि परवाना काढून त्यांची शिकार करता येत असे. म्हणजे ‘छोट्या शिकारीसाठी कोणते माप’ हा प्रश्न भारतात विचारणे एके काळी पूर्णपणे वैध होते.

१४.
तेव्हाही उत्तर रिमफायर नव्हते. मोठ्या आणि विशेष शिकारीसाठी त्या कायद्याने रायफलीचा आग्रह धरला, कारण छऱ्यांनी मोठे जनावर मरत नाही, जखमी होऊन भटकते. लहान शिकारीला तशी अट नव्हती आणि उडत्या तितरावर एकेरी गोळी चालवणे शहाणपणाचेही नाही. तिथे राज्य होते बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचे. अमेरिकेत खारींवर आणि सशांवर .२२ चालवणारी जी लोकपरंपरा आहे, तिला समांतर अशी परंपरा मराठी मुलखात कधी रुजलीच नाही. न रुजलेल्या परंपरेच्या नावाने आज मॅग्नम की .१७ असा वाद घालणे म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या आठवणींवर हक्क सांगणे होय.

१५.
या गोष्टीला एक कडवट बाजूही आहे. लहान शिकार हे ज्यांचे परंपरागत उपजीविकेचे साधन होते, त्यांच्या हाती बंदूक नव्हती. फासेपारधी समाजाचे नावच फाशावरून पडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात अशा अनेक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे १९७२ च्या कायद्याने जाळी आणि फासे शिकारीसाठी निषिद्ध ठरवले. सापळे लावण्याचा वेगळा परवाना असेल तरच अपवाद. परवाना, बंदूक आणि काडतुसे परवडणारा शौकीन मात्र कायद्याच्या आत राहिला. प्राण्यांचे रक्षण आवश्यकच होते. पण तितर फाशात पडला तर गुन्हा आणि छऱ्याने पडला तर खेळ, हा भेद प्राण्याच्या हिताचा नव्हता, तो माणसांच्या पायरीचा होता.

१६.
१९९१ च्या दुरुस्तीने हा भेद पुसला. शिकारीचे परवानेच संपले आणि बंदी सर्वांना सारखी लागू झाली. तेव्हापासून ‘छोटी शिकार’ ही वर्गवारी इतिहासजमा आहे. ससा आणि तितर आजही संरक्षित आहेत. म्हणून सेनगावच्या तरुणाने शिकारीसाठी कोणते रिमफायर माप घ्यावे, याचे प्रामाणिक उत्तर ‘कोणतेही नाही’ एवढेच आहे. हा निर्णय केवळ भीतीपोटी पाळण्यासारखा नाही. ज्या कायद्याने शौकिनाची सवलत काढून घेतली, त्याने निदान समतेचे एक पाऊल टाकले, म्हणूनही तो मान्य करावा.

१७.
यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा झोपवतो, रानडुकरे हळदीचे वाफे उकरतात. शहरात बसून संरक्षणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना जागलीची रात्र ठाऊक नसते. हा संताप खरा आहे आणि त्याची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल. कायद्याच्या अकराव्या कलमात त्यासाठी वाट ठेवलेली आहे: उभ्या पिकाला उपद्रव करणाऱ्या प्राण्याबाबत प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती वाट सुलभ आणि वेळेवर असावी, नुकसानभरपाई हाती लवकर पडावी, या मागण्या रास्त आहेत.

१८.
परंतु त्या मागण्यांचे उत्तर पॉइंट टू-टू नव्हे. .२२ लाँग रायफलच्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी दीडशे ज्यूलच्या आतबाहेर असते. जुन्या .३०३ रायफलीची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर. मॅग्नमची झेपही या दोघांच्या मध्ये, आणि तीही पॉइंट टू-टूच्याच जवळ थांबते. अशा गोळीने रानडुक्कर जागीच पडत नाही. ते जखमी होऊन उसात किंवा तुरीत शिरते आणि सकाळी खुरपणीला आलेल्या बाईच्या अंगावर जाते. शिवाय ही इवलीशी गोळी मोकळ्या माळावर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. काळ्या रानात तिला अडवणारा डोंगर नसतो. असतात पलीकडच्या शेतातली माणसे. जनावराला यातना आणि शेजाऱ्याला धोका, असा हा दुहेरी तोट्याचा व्यवहार आहे.

१९.
आता पॉइंट टू-टूने नेमून दिलेले काम केले तेव्हा काय घडले ते पाहावे. २०१० साली म्युनिक येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, आणि ते १८८७ सालच्या त्या संथ, स्वस्त काडतुसाने.

२०.
कांबळवाडी हे काही महानगर नव्हे. कुसाळे घडले ते २००९ मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला म्हणून. गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने अशा तिन्ही स्थितींत नेम स्थिर ठेवण्याची साधना वर्षानुवर्षे चालते. त्यासाठी नळीचे माप बदलून भागत नाही. लागते ती जागा, काडतुसे आणि प्रशिक्षक. कोल्हापूरच्या खेड्यातल्या मुलाला ही वाट सापडली, तशी हिंगोलीच्या खेड्यातल्या मुलीला का सापडू नये, हा मापाच्या वादापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे.

२१.
कायदा या मुलीच्या बाजूचा आहे. तेराव्या कलमाने क्लबच्या सदस्याला निशाण्यासाठी परवाना द्यावा असे सांगितले, आणि नवव्या कलमाने २१ वर्षांखालील मुलांनाही प्रशिक्षणापुरती विहित अटींवर बंदूक हाताळण्याची मुभा ठेवली. पण त्या वाक्यात ‘क्लबचा सदस्य’ हे शब्द आहेत. जिथे जवळपास क्लबच नाही, तिथे हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून मागणी करायची तर मॅग्नमच्या परवान्याची नव्हे. तालुक्याच्या क्रीडा संकुलात १० मीटर एअर रायफलची चार लक्ष्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी मजबूत मातीच्या बांधाआड ५० मीटरची एक रेंज आणि छात्र सेनेच्या मुलांना वर्षातून एकदाच्या शिबिराऐवजी नियमित सराव, एवढे मागावे.

२२.
सारांश असा. निशाण्यासाठी .२२ लाँग रायफल, कारण अचूकता, किंमत, स्पर्धेचा नियम आणि कायदा हे चारही एकाच बाजूला आहेत. शिकारीसाठी कोणतेही माप नाही. पिकासाठी कायद्याची परवानगी, कुंपण आणि भरपाई, रिमफायर नव्हे. लॉर्ड रॉबर्ट्सना साम्राज्यासाठी नेमबाज हवे होते, मावळंकरांना प्रजासत्ताकासाठी. दोघांनी निवडलेले काडतूस मात्र एकच होते, कारण ते गरिबातल्या गरिबाला शिकवता येत होते. सेनगावच्या शाळकरी पोरीला पुठ्ठ्याच्या लक्ष्यासमोर ते झाडायला मिळेल, त्या दिवशी १९५९ चे ते वाक्य या तालुक्यात पोचले असे म्हणता येईल.